टॉवरवाले आणि तारेखालचे

गावात माझं महा ई-सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, सगळ्यांचे कागद माझ्या टेबलावरून जातात. म्हणून हायटेन्शन लाइनविरोधी कृती समिती झाली तेव्हा अध्यक्ष कोण यावरून मारुतीच्या देवळात रात्री उशिरापर्यंत भांडण झालं, पण लिहायचं काम कुणाचं यावर कुणी तोंडसुद्धा उघडलं नाही. ते माझ्याच गळ्यात पडणार होतं. समितीची फाइल आजही माझ्याकडं आहे. पुढचं सगळं तीच समोर ठेवून लिहितोय.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो. गाव उत्तर सोलापुरात, नान्नजच्या बाजूचं. माझी आणि थोरल्या भावाची मिळून दोन एकर द्राक्षबाग आहे, आणि लाइन तिच्या मधोमध वरून गेली. टॉवर मात्र आमच्यात नाही. एक शेजारच्या आप्पांच्या गटात आणि दुसरा पार ओढ्यापलीकडं. म्हणजे आम्ही तारेखालचे. या एका गोष्टीनं पुढं गावात काय काय झालं, ते सांगण्यासाठीच हा खटाटोप.

२०२३ च्या पावसाळ्यात ओढ्याकाठच्या दगडांवर लाल रंगाचे फराटे दिसले. कुणी म्हणालं रस्ता होतोय, कुणी म्हणालं गॅसची पाइपलाइन. एका बांधावर तिपाई लावून उभ्या असलेल्या पोरांना विचारलं, तर "सर्वे है चाचा" एवढंच. तलाठी भाऊसाहेबांना काही माहीत नव्हतं, निदान ते तसं म्हणाले. शेवटी तालुक्याच्या एका वार्ताहराकडून कळलं, की ४०० केव्हीची, म्हणजे चार लाख व्होल्टची पारेषण लाइन आहे, खासगी कंपनीनं निविदा भरून घेतलीय आणि आमचं गाव यादीत आहे.

यादी कुठली, हे शोधायला वेळ लागला. अशा योजनेची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात येते, त्यात लाइन ज्या ज्या गावांतून जाणार त्यांची नावं असतात, आणि हरकत घ्यायला दोन महिने मिळतात. आमच्या लाइनीचीही आली होती. बारीक टायपात, तालुकावार गावांची नुसती रांग, आणि त्या रांगेत आमच्या गावाचं नाव असं छापलेलं की गावच्या माणसालाही ओळखू येऊ नये. मुदत कधीच उलटून गेली होती. हरकतींचे रकाने रिकामेच राहिले असणार, आणि रिकामा रकाना म्हणजे सरकारी भाषेत कुणाची हरकत नाही.

मग ग्रामसभा. एवढी गर्दी मी रेशनकार्डाच्या वेळीसुद्धा पाहिली नव्हती. ठराव एकमतानं झाला: गावाच्या हद्दीतून अतिउच्चदाब वाहिनी नेण्यास ग्रामसभेचा विरोध आहे. मीच लिहिला, सह्या-अंगठे घेतले, प्रती काढल्या, तहसील, प्रांत, कलेक्टर, आमदार, खासदार अशा सगळीकडं दिल्या, प्रत्येक ठिकाणी पोच घेतली. लोकांना वाटलं, काम झालं. ग्रामसभेचा ठराव म्हटल्यावर आता कोण येतंय!

सोलापुरातल्या एका वकीलसाहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि कायदा समजावून दिला. विजेच्या लाइनीसाठी जमीन संपादन करत नाहीत. सातबारावर तुमचंच नाव राहतं, फक्त वापराचा हक्क त्यांचा. वीज कायदा २००३ च्या कलम १६४ खाली सरकार अशा कंपनीला तारखात्याचे अधिकार देऊ शकतं, आणि ते अधिकार आहेत १८८५ च्या भारतीय टेलिग्राफ कायद्यातले. त्या कायद्यात जमीनमालकाची संमती घेण्याचा प्रश्नच येत नाही. नुकसान होता होईल तेवढं कमी करायचं आणि पूर्ण भरपाई द्यायची, एवढंच बंधन. देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला, त्यात जुना टेलिग्राफ कायदा रद्द करायची तरतूद आहे, पण वीज लाइनींपुरता त्यातला हा भाग तेवढा राखून ठेवलाय. आप्पांनी विचारलं, "म्हणजे आम्ही नको म्हणालो तरी?" वकीलसाहेबांनी २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढं केला. त्यात लाइनीला विरोध करणारी सिमेंटवाली मोठी कंपनी होती, तिच्या चुनखडीच्या खाणपट्ट्यावरून तारा जात होत्या. तीसुद्धा हरली. "तुम्ही अडवलंत, तर ते टेलिग्राफ कायद्याच्या कलम १६ खाली कलेक्टरकडं जातील. कलेक्टर ऑर्डर काढतील. मग बंदोबस्त येईल."

येताना एस.टी.त कुणी कुणाशी बोललं नाही. पण मला वाटतं खरी सुरुवात त्याच दिवशी झाली. लाइन होऊ द्यायची की नाही हे आपल्याला कुणी विचारणारच नाही, हे कळल्यावर मग काय काय विचारता येतं याकडं लक्ष गेलं.

पहिली गोष्ट रुंदीची. ४०० केव्हीच्या लाइनीला ४६ मीटर रुंदीचा पट्टा लागतो. किलोमीटरमागं हे साधारण साडेअकरा एकर होतं. त्या पट्ट्यात घर नाही, बेदाण्याचं शेड नाही, उंच वाढणारं झाड नाही. नियमानं सगळ्यात खालची तार जमिनीपासून निदान ८.८४ मीटर, म्हणजे २९ फुटांवर असली पाहिजे. ऐकायला हे भरपूर वाटतं. पण बोअरची मोटार काढायला तीन पायांची घोडी उभी करून वीस-वीस फुटी पाइप वर ओढतात, त्या वेळी ते २९ फूट किती तोकडे पडतात, हे ज्यानं मोटार काढलीय त्याला विचारावं. नवं बोअर घ्यायची गाडी तर तारेखाली उभीच करता येत नाही. आमच्याकडं बोअर आटतं, दुसरं घ्यावंच लागतं. कंपनीच्या माणसाच्या तक्त्यात पिकाची नुकसानी होती, झाडांची होती. पुढं कधीतरी घ्यायच्या बोअरचा रकाना नव्हता.

दुसरी गोष्ट, पैसे कुणाला. एका टॉवरचे चार पाय जेमतेम दोन गुंठ्यांत बसतात. दोन टॉवरमधलं अंतर ४०० मीटरच्या आसपास. आमच्याकडच्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत ४०० मीटरमध्ये कितीतरी गट येतात. म्हणजे टॉवरवाला खातेदार एखादा, आणि तारेखालचे सात-आठ. केंद्राच्या ऑक्टोबर २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या ८५ टक्के, आणि तारेखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के. राज्याचे शासननिर्णय वेगळे. दोन्हींची थप्पी माझ्या टेबलावर होती, आणि कुठला कागद कुणाला लागू, यावर प्रत्येक साहेबाचं मत निराळं.

कंपनीची माणसं अनुभवी होती. ती ग्रामसभेत आलीच नाहीत. ती संध्याकाळी घरी येऊन चहा प्यायची. आधी टॉवरवाल्यांकडं. पीकनुकसानीचा चेक, पंचनाम्यावर सही, "बाकीच्यांनी केलीय, तुमचीच राहिलीय" हे ठरलेलं वाक्य. पीकनुकसानी तीन टप्प्यांत मिळते: खड्डे काढताना, टॉवर उभा करताना, तार ओढताना. पहिल्या दोन टप्प्यांत तारेखालच्या माणसाशी कुणाचं कामच नसतं. त्याच्याकडं कुणी फिरकत नाही, आणि तोही खुशीत असतो, की आपण वाचलो. पण दोन्ही बाजूंना टॉवर उभे राहिले की मधल्यानं अडवायला उरतंच काय? तार वरून ओढतात. त्याच्या शेतात चार-दोन दिवसांचं काम, तेही पोलीस उभे करून.

हे मी देवळात खडूनं फरशीवर काढून दाखवलं. टॉवरवाल्यांनी एकेकट्यानं सही करू नये, पट्ट्याचा मोबदला लेखी ठरल्याशिवाय एकही खड्डा नको, असा ठराव मांडला. तारेखालच्यांनी हात वर केले. टॉवरवाले गप्प. त्यांच्या बाजूनंही बघितलं पाहिजे. आप्पांच्या लेकीचं लग्न तोंडावर होतं आणि चेक समोर होता. त्यांनी सही केली. त्या दिवसापासून आमच्या भावाचं आणि त्यांचं बोलणं बंद, आणि दोन्ही घरांचा पाणंदीचा रस्ता एकच. तार आता वर आहे, भांडण खाली राहिलंय.

कलेक्टर कचेरीत सुनावणी लागली तेव्हा मात्र गाव जीपगाड्या भरून गेलं. तिथं आमचाच वेळ आम्ही घालवला. एका पुढाऱ्यानं माईक नसताना माईकवर बोलल्यासारखं कॅन्सरवर भाषण ठोकलं. भीती खोटी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००२ मध्ये अशा चुंबकीय क्षेत्राला 'कदाचित कारण असू शकेल' या गटात घातलंय. पण तो गट संशयाचा आहे, सिद्ध झालेल्यांचा नाही, आणि कंपनीच्या इंजिनिअरकडं त्यावरचं उत्तर तयार होतं. मोजमापांचा तक्ता त्यानं दोन मिनिटांत वाचून दाखवला आणि आमची अर्धी सुनावणी संपली. बोअरचा मुद्दा, पट्ट्याचा मोबदला, वस्तीवरची घरं, हे सगळं घाईत उरकलं. रात्री पंपाला वीज नाही आणि डोक्यावरून ४०० केव्ही, हा विनोद प्रत्येक सभेत कुणीतरी करायचंच. तिथंही झाला. साहेबसुद्धा हसले.

इंजिनिअर माणूस वाईट नव्हता. बाहेर चहाच्या टपरीवर तो म्हणाला, सोलापूर तुम्हाला वाटतं तसं कोपऱ्यात नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली, तेव्हा दक्षिणेचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बाकीच्या देशाला जोडलं गेलं. तो सांधा तुमच्या जिल्ह्यात आहे. आता उन्हाची, वाऱ्याची वीज जिथं तयार होते तिथून शहराकडं न्यायची, तर लाइनी वाढणारच. हे मला पटतं, आजही. मी त्याला एवढंच विचारलं, की कुडूसहून मुंबईत आरेला जाणारी एचव्हीडीसी (उच्चदाबाच्या डीसी विजेची) लाइन ८० किलोमीटरची आहे, तिच्यातली ५० किलोमीटर केबल जमिनीखालून कशी जाते? तो म्हणाला, "तिथं जागा नाही." आमच्याकडं जागा आहे, हे त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. जमिनीखालची केबल कैक पट महाग पडते, हे खरं. पण तो खर्च कुणाच्या वेळी परवडतो आणि कुणाच्या वेळी नाही, एवढा हिशोब आम्हालाही समजतो. माळढोकासाठी राजस्थान-गुजरातेत तारा जमिनीखाली घ्या, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये म्हटलं होतं, आणि मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल केला. नान्नजच्या माळढोकाच्या शेजारी राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे बारकाईनं वाचलं. पक्ष्यालाही शेवटी आमच्याच रांगेत उभं केलं.

वस्तीचं मात्र आम्ही सोडलं नाही. गावापासून लांब ओढ्यावर काही घरांची वस्ती आहे, त्यांच्या पत्र्यांच्या अगदी कडेवरून लाइन आखलेली. वास्तविक पलीकडं मोकळा माळ आहे. तिकडून का नेत नाही? कारण तो वनखात्याचा. वनजमिनीतून जायचं तर केंद्राची परवानगी लागते, वर्ष-वर्ष मोडतं. खासगी शेतातून जायला कलेक्टरचा आदेश पुरतो. म्हणून नकाशावर बघाल तर लाइन वनाला वळसा घालून शेतात शिरते. बाहेरच्याला वाटतं, इंजिनिअरला सरळ रेघ ओढता येत नाही की काय.

आम्ही पर्यायी मार्ग सुचवायचं ठरवलं. भूमी अभिलेखमधून गटनकाशे काढले, चिकटपट्टीनं जोडले, त्यावर नवी रेघ मारली. कोनाचे, म्हणजे लाइन जिथं वळते तिथले, दोन टॉवर सरकवले की वस्ती सुटत होती. अर्ज दिला. आणि मग शेजारच्या गावचे लोक मोटारसायकली घेऊन माझ्या केंद्रावर आले. आमची नवी रेघ त्यांच्या डाळिंबातून जात होती. "तुमचं मढं आमच्या दारात का?" असं त्यांच्यातले एक तात्या म्हणाले, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांची माझी ओळख जुनी, पोराच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म मीच भरलेले. दोन्ही गावांची बैठक त्यांच्या शाळेत झाली. आवाज चढले, खुर्च्या सरकल्या. शेवटी तात्यांनीच तोडगा काढला: रेघ त्यांच्या बागांतून न नेता दोन्ही गावांच्या शिवेवरच्या नापीक पट्टीनं न्यायची. कोन थोडा वाढत होता. तो अर्ज दोन्ही सरपंचांच्या सहीनं गेला.

तो मान्य झाला, आणि का झाला हे मला नंतर कळलं. निविदा घेतलेल्या कंपनीला लाइन अमुक तारखेला सुरू करायची असते. लाइन सुरू झाली की कंपनीला तिचं वार्षिक शुल्क मिळायला लागतं. तोवर बँकेचं व्याज तेवढं चालू. दोन गावं एकत्र अडून बसली तर तारीख हुकते, त्यापेक्षा दोन टॉवर सरकवणं स्वस्त. आमच्या एकट्या गावाच्या ठरावाला कुणी भीक घातली नव्हती.

बाकीच्या मार्गावर कलेक्टरचा आदेश निघाला आणि २०२४ च्या सुरुवातीला काम लागलं. पोलीस आले, महिला पोलीसही. आमच्या काकू टॉवरच्या खड्ड्यात जाऊन बसल्या. सरकारी कामात अडथळा म्हणून चौघांवर गुन्हे नोंदवले. जामिनाचे कागद करायला पुन्हा मीच. टॉवर उभे करणारी पोरं बंगालकडची, मालद्याची. दोरावर माकडासारखी चढायची आणि संध्याकाळी आमच्याच किराणा दुकानातून तांदूळ न्यायची. त्यांच्यावर राग काढण्यात काही अर्थ नव्हता, तरी एकदोघांनी काढला.

मग १४ जून २०२४ ला केंद्राच्या नव्या मार्गदर्शक सूचना आल्या. टॉवरखालच्या जमिनीला किमतीच्या २०० टक्के, पट्ट्याला ३० टक्के. आमच्याकडं टॉवर उभे, तारा अजून बाकी. जुन्या दरानं घेतलेल्यांना वाटलं आपण फसलो. तारेखालचे एकदम भावात आले. आप्पा पहिल्यांदाच माझ्या केंद्रावर आले आणि म्हणाले, माझाही अर्ज टाक. टाकला. पण केंद्राच्या सूचना राज्यानं स्वीकाराव्या लागतात, आणि आधी झालेल्या टप्प्याला कुठला दर, हा वाद आजही आहे तिथंच आहे.

तारा ओढल्या, लाइन चार्ज झाली, म्हणजे तिच्यात वीज सोडली. पहिल्या फळछाटणीला मजूर बायका बागेत गेल्या आणि ओरडत बाहेर आल्या. मांडवाच्या तारेला हात लागला की मुंग्या येत होत्या. लाइनीला समांतर लांबच लांब लोखंडी तार असली की तिच्यात दाब उतरतो, हे पुस्तकात आहे म्हणे. कंपनीनं अर्ज केल्यावर मांडवाला जागोजाग अर्थिंग करून दिलं. हे आधीच करायला हवं होतं, आणि द्राक्षाच्या भागातून लाइन नेणाऱ्याला ते माहीत नसेल, यावर माझा विश्वास नाही. ज्यांच्या शेतावरून अशी लाइन जायचीय आणि मांडव आहे, त्यांनी अर्थिंगचं पंचनाम्यातच लिहून घ्यावं. बोअर, विहीर, पाइपलाइन, शेड, सगळं लिहून घ्यावं. आणि ई-पीक पाहणी वेळेवर करावी. आमच्यातल्या तिघांच्या सातबारावर द्राक्षाची नोंदच नव्हती, नुसती 'जिरायत', आणि त्यांचा दर त्याच नोंदीवर बसला.

आता भरपाई अपुरी म्हणून टेलिग्राफ कायद्याच्या कलम १६(३) खाली जिल्हा न्यायालयात अर्ज आहेत. वकीलसाहेबांचा भर २००७ च्या केरळ वीज मंडळाच्या निकालावर आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय, की जमीन कुठं आहे, तार कडेनं जाते की मधून, हे बघून भरपाई ठरवा. म्हणजे आमच्या बागेचा मधोमध असण्याचा मुद्दा तिथं चालेल.

फक्त बाजारभाव सिद्ध करायचाय. त्यासाठी वकीलसाहेबांनी आसपासच्या गटांची अलीकडची खरेदीखतं मागितली. मी काढून आणली. एकूणएक व्यवहार रेडी रेकनरच्या दराला, नेमक्या तेवढ्याच आकड्याला. गावात एकरी काय भाव चालतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण मुद्रांक शुल्क वाचवायला कागदावर कुणीच तो लावलेला नाही. त्यातली निम्मी खतं माझ्याच केंद्रावर टाइप झालेली. वकीलसाहेबांनी ती चाळली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, बँकेच्या कर्जाचं मूल्यांकन असेल एखाद्याचं, तर बघा. एका द्राक्षवाल्याचं निघालंय, पट्ट्याच्या अगदी लगतचं. तो प्रतिज्ञापत्र करायला तयार आहे, पण त्याच्या मेहुण्याचं कर्ज थकलंय, म्हणून मॅनेजर नक्कल द्यायला चालढकल करतोय.